सिडनी बार्न्स: कसोटीत १८९ बळी, स्टॅफर्डशायरसाठी १४४१

शनिवारचा_अकरावा

स्टोक-ऑन-ट्रेंटच्या आसपास राहायला येऊन हे चौथं वर्ष. पहिल्याच उन्हाळ्यात कुंपणापलीकडच्या आजोबांनी विचारलं, क्रिकेट खेळतोस का? गल्लीत खेळलेला मी, मान डोलावली, आणि तेव्हापासून दर शनिवारी इथल्या एका क्लबाच्या तिसऱ्या संघात अकराव्या नंबरावर जातो. तिसऱ्या संघाच्या खाली चौथा संघ नाही, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

गेल्या जुलैत पोर्टहिल पार्कला सामना होता. बाराव्या षटकात पाऊस आला. आम्ही आत जाऊन बसलो. मोठ्या स्टीलच्या भांड्यातला चहा, कडा वाळलेली अंड्याची सँडविचेस, बाहेर ओला रोलर आणि त्यावर बसलेले दोन कावळे. आमचे स्कोअरर काका पंच्याहत्तरीचे. पेन्सिलीला टोक काढता काढता खिडकीकडे हनुवटी करून म्हणाले, "बार्न्स इथे प्रो होता, पगारी खेळाडू, ठाऊक आहे ना?" मी म्हटलं, कोण बार्न्स? त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतरचा दीड तास पाऊस थांबूच नये असं वाटत होतं. घरी येऊन वाचत सुटलो, आणि हा धागा म्हणजे त्या वाचनाचं फळ.

सिडनी फ्रान्सिस बार्न्स. जन्म १९ एप्रिल १८७३, स्मेथविक, म्हणजे तेव्हाचं स्टॅफर्डशायर. २७ कसोट्या, १८९ बळी, सरासरी (एका बळीमागे दिलेल्या धावा) १६.४३. आयसीसीच्या क्रमवारीची पद्धत मागे लावून पाहिली तर गोलंदाजाला आजवर मिळालेले सर्वाधिक गुण, ९३२, याच्याच नावावर. आणि या माणसाने काउंटी क्रिकेटचे पुरे मोसम खेळले किती? दोन. १९०२ आणि १९०३, लँकेशायरकडून. त्याआधी वॉर्विकशायरकडून थोडे सामने झाले होते, ते धरले न धरले सारखेच. बाकी सगळं आयुष्य शनिवारच्या लीगमध्ये आणि स्टॅफर्डशायर नावाच्या मायनर काउंटीत.

१९०१ मध्ये तो बर्नली क्लबाचा प्रो होता. आर्ची मॅकलॅरन ऑस्ट्रेलियाला संघ घेऊन निघाला होता, त्याने ओल्ड ट्रॅफर्डच्या नेटमध्ये याला बोलावून स्वतः खेळून पाहिलं, आणि सरळ बोटीत बसवलं. लोकांनी मॅकलॅरनला वेड्यात काढलं. बार्न्सने पहिल्या दोन कसोट्यांत १९ बळी घेतले, त्यातले १३ मेलबर्नला. तिसऱ्या कसोटीत गुडघा गेला आणि दौरा संपला.

पुढच्या उन्हाळ्यात, १९०२ मध्ये, शेफील्डला एका डावात ४९ धावांत ६ बळी. पुढच्या कसोटीला बाहेर! त्या ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत फ्रेड टेटला घेतलं आणि इंग्लंड ३ धावांनी हरलं. १९०३ मध्ये लँकेशायरसाठी १३१ बळी घेतले आणि मोसम संपल्यावर याने हिवाळ्यातल्या नोकरीची हमी मागितली. लँकेशायरने हात वर केले. याने पिशवी उचलली आणि चालू लागला. वय तेव्हा तीस.

इथून पुढे खरी गंमत. १९०४ पासून १९१४ पर्यंत, मग १९२४ पासून १९३५ पर्यंत स्टॅफर्डशायर. १४४१ बळी, सरासरी ८.१५. शेवटचा मोसम खेळला तेव्हा बासष्ट वर्षांचा होता. आमच्या संघात बासष्टचे दोघे आहेत, एकाला स्लिपमध्ये उभं करतो आणि दुसऱ्याला चेंडूकडे बोट दाखवायला.

'मायनर काउंटी क्रिकेटपटू' म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो पोटासाठी बँकेत आणि हौसेसाठी मैदानावर जाणारा, चार लोकांना माहीत असलेला माणूस. बार्न्सने ती जागा स्वतः निवडली होती, हिशेब करून. मला त्या हिशेबाबद्दल बोलायचंय. जाणकारांनी भर घालावी.

कांगा_लीग

वाह, पहिलाच प्रतिसाद माझा. जबरी लेख. पण दक्षिण आफ्रिकेतले ४९ बळी विसरलात की राव! पाच कसोट्यांत ४९, तो विक्रम अजून उभा आहे.

आकडेमोड

पाच नाही, चार. पाचवी तो खेळलाच नाही. १९१३-१४ ची मालिका, सरासरी १०.९३. जोहान्सबर्गच्या दुसऱ्या कसोटीत १५९ धावांत १७ बळी, डर्बनच्या चौथ्या कसोटीत १४४ धावांत १४. जिम लेकरची १९५६ ची मालिका सगळ्यांना पाठ असते, तिथेही बेरीज ४६ वरच थांबते, आणि लेकर पाचही कसोट्या खेळला होता.

मीनाक्षी_स

मला क्रिकेट जेमतेम कळतं, लेख मात्र एका दमात वाचला. एक बाळबोध प्रश्न. मायनर काउंटी म्हणजे नेमकं काय? दुसऱ्या श्रेणीचा संघ, म्हणजे आपल्या रणजीच्या प्लेट गटासारखं?

शनिवारचा_अकरावा

@मीनाक्षी_स, प्लेट गटातून वर जाता येतं, इथे तसं काही नव्हतं. इंग्लंडमधले जिल्हे दोन खात्यांत वाटलेले. काही प्रथम दर्जाचे (आता १८) आणि बाकीचे मायनर. मायनरवाल्यांची अजिंक्यपद स्पर्धा १८९५ पासून चालू आहे. जिंकलात म्हणून आपोआप बढती मिळत नाही. नॉर्दम्प्टनशायर १९०५ मध्ये वर गेलं, ग्लॅमॉर्गन १९२१ मध्ये, आणि त्यानंतर डरहॅमची पाळी आली ती थेट १९९२ मध्ये. स्टॅफर्डशायर आजही तिथेच आहे. २०२० पासून 'मायनर' हा शब्द काढून 'नॅशनल काउंटीज' केलंय. आमचे स्कोअरर काका अजून मायनरच म्हणतात.

आता हिशेब. प्रथम दर्जाच्या काउंटीचा व्यावसायिक गोलंदाज एप्रिलअखेरपासून सप्टेंबरपर्यंत आठवड्याचे सहा दिवस राबायचा. तीन दिवसांचा सामना संपला की रात्रीची आगगाडी, सकाळी दुसऱ्या गावात पुन्हा चेंडू हातात. गडी कामावर ठेवावा तसा. हौशी जंटलमन वेगळ्या दारातून मैदानात यायचे, हे पगारी गडी वेगळ्या. आणि मोसम संपला की हिवाळ्यात आपापलं बघा.

लीगचा प्रो शनिवारी दुपारी खेळायचा. पगार बांधलेला, वर चांगली कामगिरी केली की प्रेक्षकांत वर्गणीसाठी टोपी फिरायची. बार्न्स १९०६ पासून युद्धापर्यंत पोर्टहिल पार्कला शनिवारी, आणि मधल्या वारी स्टॅफर्डशायरकडून मोजके दोन दिवसांचे सामने. हिवाळ्यात कारकुनी. अंग राहिलं शाबूत, खिसा राहिला भरलेला, आणि 'सर' म्हणायची वेळ फार कमी आली. साठीपर्यंत टाकत राहिला त्याचं गुपित मला तरी यातच दिसतं.

पाटीलबुवा

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

घाटावरचा

लेख छान, पण थोडं पाणी ओततो. हलके घ्या. मॅटिंगवर (चटई अंथरलेल्या खेळपट्टीवर), दुबळ्या दक्षिण आफ्रिकेसमोर कोणीही १७ घेईल. आणि ८ ची सरासरी? चेशायर नि नॉर्दम्बरलंडच्या पाद्री-मास्तरांना बाद करून? आमच्या कोल्हापुरात टेनिस बॉलच्या स्पर्धांत २ च्या सरासरीचे गडी दाखवतो चला.

आकडेमोड

@घाटावरचा, अर्धं बरोबर आहे. १८९ पैकी ८३ बळी दक्षिण आफ्रिकेचे, सात कसोट्यांत, सरासरी दहाच्या आत. ते बाजूला ठेवा. उरलेले १०६ ऑस्ट्रेलियाचे, २० कसोट्यांत, सरासरी २१.५८. ट्रंपर, हिल, आर्मस्ट्राँग यांच्या काळातले. आता बोला.

आणि मॅटिंगवरही सगळेच लोटांगण घालत नव्हते. त्याच १९१३-१४ च्या मालिकेत दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हर्बी टेलरने ५०८ धावा केल्या, ५०.८० च्या सरासरीने. समोर बार्न्स असताना. मॅटिंगवरची सगळ्यात मोठी फलंदाजी कुणाची, असं कोणी विचारलं तर मी त्या हरलेल्या कर्णधाराचं नाव घेईन.

घाटावरचा

२१.५८ मान्य. मास्तरांचं मी मागे घेत नाही 😀

लेगकटर

उशिरा आलो. कोणी त्याच्या चेंडूबद्दल लिहिलंच नाही! हा स्विंगवाला नव्हता. मध्यम-जलद वेगाने, खरोखरचा लेगब्रेक टाकायचा, आणि तोही मनगट न वळवता, बोटांनी पिळून. शेन वॉर्नचा लेगब्रेक मनगटातून येतो, त्यामुळे वेगाला मर्यादा पडते. याची उंची सहा फुटांच्या वर, हात वरून येणार, टप्पा गुडलेंथला, आणि चेंडू लेगस्टंपच्या रेषेतून ऑफस्टंपकडे. तीच कृती, तीच पकड वाटावी आणि उलट दिशेलाही वळावा. मी सोळाव्या वर्षी अंगणात संत्र्यावर प्रयत्न केला होता. बोटं सुजली. संत्रं आईने सोलून खाल्लं.

मेलबर्न, डिसेंबर १९११. सकाळी अंगात बरं नव्हतं म्हणतात. बार्डस्ली, केलवे, हिल, आर्मस्ट्राँग एकापाठोपाठ गेले, मग मिनेट. एका क्षणी त्याचा फलक: ११ षटकं, ७ निर्धाव, ६ धावा, ५ बळी. ऑस्ट्रेलिया ६ बाद ३८. मधेच क्षेत्ररचना लावायला वेळ घेतोय म्हणून प्रेक्षक हुर्यो करायला लागले, तर याने चेंडू जमिनीवर टाकला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. तुम्ही ओरडून घ्या, मग बघू. मला पाच बळींपेक्षा ती हाताची घडी जास्त आवडते.

कांगा_लीग

@लेगकटर, दंडवत.

आता मुंबईकर म्हणून माझे दोन पैसे. तीस वर्षं पावसात कांगा लीग, म्हणजे मुंबईची पावसाळी स्पर्धा, खेळलो, म्हणून आयडी हा. बार्न्स वाचताना मला मुंबईचे फिरकी गोलंदाज पॅडी शिवलकर आठवत राहिले. ५८९ प्रथम श्रेणी बळी, सरासरी १९.६९, कसोटी शून्य. मोठा गोलंदाज, पण वरच्या पायरीवर जागा नाही. आपल्याकडचा 'मायनर' म्हणजे हाच की.

निमकर_काकू

शिवलकरांचं नाव काढलंत, बरं वाटलं. माझे यजमान ऑफिसमधून अर्धी रजा टाकून टाइम्स शील्डचे, म्हणजे कंपन्यांच्या संघांचे, सामने बघायला जायचे. घरी यायचे ते शर्टाला गवत चिकटवून.

शनिवारचा_अकरावा

@कांगा_लीग, इथे मी सहमत नाही. शिवलकरांसमोर त्याच जागेसाठी बिशनसिंग बेदी उभे होते, दार बंद होतं. बार्न्ससाठी दार उघडं होतं, तोच आत गेला नाही. एकाला मिळालं नाही, दुसऱ्याने पत्करलं नाही. दोन्ही गोष्टी एका रांगेत बसवल्या तर शिवलकरांवर अन्याय होतो असं मला वाटतं.

तुलनाच करायची तर तुमच्या मुंबईतल्या नोकऱ्यांशी करा. टाटा, एसीसी, निर्लॉन, मफतलाल. खेळाडूला बारा महिन्यांचा पगार आणि सामन्याला सुट्टी. लँकेशायरने बार्न्सला एवढं दिलं असतं तर कदाचित मला हा धागा काढावाच लागला नसता.

कांगा_लीग

मुद्दा पटला. नोकऱ्यांचा तर शंभर टक्के. ती कंपनी क्रिकेटची व्यवस्था नसती तर मुंबईचे निम्मे रणजीपटू वयाच्या पंचविशीत किट माळ्यावर टाकून मोकळे झाले असते.

जामनगरी

बार्न्ससारखाच हिशेब विनू मंकडने १९५२ मध्ये केला होता. त्या उन्हाळ्यात लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डनचा करार समोर होता. भारताच्या इंग्लंड दौऱ्यासाठी माझी निवड नक्की आहे का, एवढंच त्याने विचारलं. निवड समितीने शब्द दिला नाही, त्याने करार सही केला. मग हेडिंग्लीत भारत दुसऱ्या डावात ४ बाद शून्य, आणि हॅसलिंग्डनकडे विनवण्या. क्लबाने सोडलं, आणि लॉर्ड्सला ७२, १८४ आणि डावात ५ बळी. शनिवारचा प्रो कसोटी गाजवून गेला.

अवांतर: बार्न्स साठीला आलेला असताना रॉटनस्टॉलला प्रो होता. पुढे विजय हजारेही रॉटनस्टॉलला प्रो म्हणून खेळले. आणि दिलीप वेंगसरकर ऐंशीच्या दशकात चक्क स्टॅफर्डशायरकडून खेळलेत. म्हणजे कर्नल (वेंगसरकर) आणि बार्न्स, दोघांची काउंटी एक.

पाटीलबुवा

हे वेंगसरकरांचं माहीतच नव्हतं! पॉपकॉर्न सांडले.

दख्खनी

१९११ वरून एक आठवण. स्टॅफर्डशायरने मायनर काउंटीचं अजिंक्यपद १९०६, १९०८ आणि १९११ ला मिळवलं, तिन्ही वेळा बार्न्स संघात. त्याच १९११ च्या उन्हाळ्यात आपला पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडभर फिरत होता, आणि त्यात पुण्याचे पाळवणकर बाळू. डावखुरे फिरकी गोलंदाज, दौऱ्यावर सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी. ज्या माणसाने पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखण्यापासून सुरुवात केली आणि ज्याला चहा वेगळ्या भांड्यातून मिळायचा, तो. बार्न्सला जंटलमनांचं वेगळं दार टोचत होतं, ते खरंच आहे. पण दारांच्या गोष्टी निघाल्या की मला बाळूच आधी आठवतात.

निमकर_काकू

+१. यावर वेगळा धागा काढा ना दख्खनी.

दख्खनी

काढतो काकू. दिवाळीनंतर.

घाटावरचा

एक राहिलंच. पाचवी कसोटी का नाही खेळला ते कोणी सांगितलं नाही.

शनिवारचा_अकरावा

पैशावरून यजमानांशी बिनसलं. कबूल केलेलं काहीतरी मिळालं नाही, आणि हा ठाम बसला. पहिल्या चार कसोट्यांत ४९ बळी घेतलेला माणूस पाचवीच्या वेळी बाहेर. नंतर युद्ध आलं. डर्बनचे १४ बळी हीच त्याची शेवटची कसोटी ठरली. वय ४०.

खडूस होता, यात वाद नाही. कर्णधाराने नवा चेंडू दुसऱ्याला दिला की तोंड फिरवायचा, झेल सुटला की क्षेत्ररक्षकाकडे अशी नजर की बिचाऱ्याने मैदान सोडावं. मॅकलॅरनबद्दल ती दंतकथा आहेच. १९०१ ला बोट वादळात सापडली तेव्हा म्हणे मॅकलॅरनने सोबत्याला धीर दिला, बुडालो तरी एक समाधान आहे, तो लेकाचा बार्न्सही आपल्याबरोबर बुडेल. खरीखोटी देव जाणे, पण माणूस कसा होता ते तिच्यातून कळतं.

अर्थात असा माणूस संघात असण्याचे फायदेही होते. १९०८ च्या जानेवारीत मेलबर्नला शेवटची जोडी आणि ३९ धावा हव्या. बार्न्स नाबाद ३८, फील्डर नाबाद १८. बरोबरी झाल्यावर याने चोरटी धाव घेतली. हॅझलिटने मारलेली फेक स्टंपला लागली असती तर फील्डर बाद आणि सामना बरोबरीत. फेक वाकडी गेली. इंग्लंड एका गड्याने जिंकलं.

मीनाक्षी_स

आणि म्हातारपणी? बासष्टनंतर काय केलं त्याने?

आकडेमोड

बासष्टच्या आधीचंच थोडं सांगतो, कारण पुढचं धागाकर्त्याला माहीत असणार. १९२८ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ वेल्सशी लँडडनोला खेळला. बार्न्स वेल्सकडून, वय ५५. पहिल्या डावात ५१ धावांत ७, दुसऱ्यात ६७ धावांत ५. पुढच्या वर्षी स्टोकला मायनर काउंटीज संघाकडून दक्षिण आफ्रिकेच्या पाहुण्या संघाविरुद्ध ४१ धावांत ८. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांच्या बापांना छळलं, त्यांच्या पोरांना पुन्हा.

@घाटावरचा, हे पाद्री-मास्तर नव्हते बरं का.

घाटावरचा

🙏 आता मात्र मास्तरही मागे घेतले.

शनिवारचा_अकरावा

@मीनाक्षी_स, त्याचं अक्षर फार सुंदर होतं. जुन्या पद्धतीचं वळणदार, टाक आणि शाईचं. क्रिकेट सुटल्यावर तो स्टॅफर्डशायर काउंटी कौन्सिलसाठी कायदेशीर दस्तऐवज लिहून द्यायचा. १९५७ मध्ये राणी एलिझाबेथ स्टॅफर्डला आली तेव्हा तिला भेट दिलेला मानपत्राचा गुंडाळा बार्न्सने स्वहस्ते लिहिलेला होता. वय ८४. २६ डिसेंबर १९६७ ला गेला, चौऱ्याण्णवाव्या वर्षात नव्हे, चौऱ्याण्णव पूर्ण करून.

ज्या बोटांनी तो चेंडू पिळायचा त्याच बोटांनी. स्कोअरर काका हे सांगताना आपली पेन्सिल माझ्यासमोर धरून बोटं कुठे यायची ते दाखवत होते, पहिलं आणि तिसरं, मधलं नुसतं टेकलेलं. मी पोर्टहिलच्या त्या ओल्या खोलीत चहाचा कप बाजूला ठेवून पेन्सिल तशी धरून बघितली. लिहिता काही येईना.

मीनाक्षी_स

मी सुलेखन शिकवते. आत्ता टाक तसा धरून बघितला. खरंच नाही येत!

लेगकटर

संत्रं घ्या ताई, आणि बोटांना तेल लावून ठेवा.

कांगा_लीग

धागाकर्ते, शेवटचा प्रश्न. एवढं सगळं वाचून तुमच्या गोलंदाजीत काही फरक? या मोसमात किती बळी?

शनिवारचा_अकरावा

चार. त्यातला एक बासष्टचा होता. सरासरी विचारू नका.